पित्त

रबराची नळी ओठांत धरली तेव्हा ती कोमट आणि ओली लागली, आणि त्याच क्षणी रविकांत असनाऱ्याच्या पोटातून काहीतरी वर उसळून आलं. त्यानं ओठ घट्ट मिटून पाहिले. नळी हातातून सुटली, स्टँडवरची काच आपटून किणकिणली, आणि खिडकीपर्यंत पोचायच्या आतच टेबलाची कड धरून तो फरशीवर भडभडा ओकला. सकाळचा चहा, पोळीचा लगदा, शेवटी नुसता आंबट पिवळा धागा. डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पाण्यातून आधी फरशी दिसली, मग टायरच्या चपला दिसल्या. त्यांतल्या डावीचा अंगठा नुकताच शिवलेला होता. त्या चपला धर्मपालच्या होत्या; नळी त्याच्याच तोंडातून आली होती. बाकीची पोरं मागे सरली होती, चपला सरल्या नव्हत्या.

प्रयोग अगदी साधा, बी. एस्सी.च्या मुलांनी दरवर्षी करायचा. द्रव किती घट्ट आहे ते मोजायचं. वाकवलेली काचेची नळी, तिच्या मध्ये फुगा, फुग्याच्या वर आणि खाली एकेक खूण. टोकाला रबराची नळी लावून तोंडानं हवा ओढायची, द्रव वरच्या खुणेपार चढला की रबर चिमटीत धरायचं, मग सोडायचं आणि द्रव किती वेळात उतरतो ते घड्याळावर पाहायचं. पोरांना ओढणं साधत नाही. कुणी भीत भीत ओढतो, कुणी इतकं जोरात की ग्लिसरीनचं पाणी थेट तोंडात. मग डेमॉन्स्ट्रेटरनं पुढं व्हायचं, 'आण इकडे' म्हणायचं आणि स्वतः ओढून दाखवायचं. अमरावतीच्या या कॉलेजात लागल्यापासून रविकांत हेच करत आला होता. प्रोफेसर वर्गात शिकवून निघून जात, खाली या प्रयोगशाळेत पोरांचे हात धरून शिकवायचं काम त्याचं. नळी कुणाच्या तोंडातून आली हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं असं त्याला वाटत आलं होतं. त्याच सकाळी, धर्मपालच्या टेबलाशी येण्याच्या जरा आधी, त्यानं खुशालराव पाटलांच्या मुलाची नळी तोंडात घेतली होती. ते पोरगं दिवसभर सुपारी चघळतं. नळीच्या तोंडाशी लालसर ओशट थर होता. रविकांतनं तो बाहीला पुसला, नळी ओठांत धरली, द्रव चढवला आणि म्हणाला, "हं, दाब घड्याळ." पोटात काही हललं नव्हतं.

"पित्त झालं जी सरले," शालिकराम म्हणाला. शालिकराम प्रयोगशाळेचा शिपाई. त्यानं कुठून तरी राख आणून फरशीवर पसरली होती. "उन्हाचे दिवस लागले. उपाशी पोटी चहा घेतला असन."

"हो. पित्तच," रविकांत म्हणाला. त्याच्या आवाजात जो सुटकेचा सूर होता तो त्याचा त्यालाच ऐकू आला. सगळ्यांनी पित्त मान्य केलं. पोरं आपापल्या टेबलांकडे वळली, घड्याळं पुन्हा टिकटिकू लागली. धर्मपालनं खाली पडलेली रबराची नळी उचलली. मोरीच्या नळाखाली धरून ती तो धूत बसला. आतून पाणी सोडून, बाहेरून दोन बोटांनी चोळत, एखादं भांडं घासावं तशी. मग झटकून स्टँडला अडकवली आणि म्हणाला, "सर, हा प्रयोग मंग करीन मी." त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं, आणि रविकांतला तो चेहरा पाहवला नाही. त्यानं मान वळवली तर समोर खुशालराव पाटलांचा मुलगा. तो हसला नव्हता. त्यानं फक्त एकदा धर्मपालकडे पाहिलं, एकदा सरांकडे, आणि पापण्या हळूच मिटून उघडल्या. भावकीतल्या माणसानं भर पंगतीत दुसऱ्याला खूण करावी तशी. समजलं सर, मी नाही बोलत. मग पाण्याचा पेला आणून त्यानं फार अदबीनं पुढं केला. रविकांतनं तो घेतला आणि पाणी प्यायला. पाणी गार होतं, सरळ खाली उतरलं, कुठंही अडलं नाही.

घरी परतताना त्यानं सायकल हातातच धरली. अंबापेठेच्या रस्त्यावर दुपारचं ऊन पांढरं झालं होतं. तोंडात आंबट चव होती, जीभ टाळूला चिकटत होती. तपकिरीची चिमूट ओढली तरी नाकातून तो वास जाईना. कसला वास? धर्मपालच्या तोंडाला वास नव्हता. तो सकाळी कडुनिंबाची काडी चावून येतो, हे रविकांतला ठाऊक होतं, कारण त्याच्या खिशातून ती डोकावत असते. मग कसला वास? त्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. हे पोरगं आपल्याला आधीपासूनच आवडत नाही का? बुटका, जाड बोटांचा, कपाळावर तेल ओघळलेला. व्हर्नियरची मोजपट्टी वाचताना ओठ हलवतो, आकडा मोठ्यानं म्हणतो, मग पुन्हा वाचतो. काचेला हात लावू नको म्हटलं तरी प्रिझमवर अंगठ्याचा घामट ठसा उमटवून ठेवतो. एकच शंका चारदा विचारतो. हुशार नाही. हुशार असता तर? हुशार असता तर आपण त्याच्यावर माया केली असती, स्टाफरूममध्ये त्याचं नाव घेतलं असतं, आणि मग कदाचित ओकलो नसतो. म्हणजे त्यानं आधी आपल्या पोटात राहण्याइतकं हुशार व्हायला हवं होतं. या विचारानं रविकांत रस्त्यातच थांबला. शेजारच्या उसाच्या रसाच्या चरकाभोवती माश्या घोंघावत होत्या आणि रसवाला त्याच फडक्यानं पेले, फळी आणि आपली मान पुसत होता.

खरं तर धर्मपाल त्याचा अभिमान होता. तो एकटाच नव्हे, होस्टेलातली ती चारपाच पोरं. बापजाद्यांत कुणी शाळा न पाहिलेली, नागपूरच्या दीक्षेनंतर नवी नावं घेतलेली. इंग्रजीतलं पदार्थविज्ञान त्यांना झेपत नव्हतं. रविकांत त्यांना रविवारी सकाळी आपल्या घरच्या ओसरीवर बोलावून शिकवायचा. पैसे घ्यायचा नाही. नागपुराहून एखादा परीक्षक आला की बोलता बोलता निघायचंच, "माझी रविवारची पोरं." 'माझी' म्हणताना छातीत जे गोड दाटून येई ते आता आठवलं आणि ते गोडही आंबट झालं. गूळ नासावा तसं. इतकी वर्षं मी हे गोड चाटत बसलो होतो. पोरं ओसरीवर बसत. ओसरीवर. आत का नाही? आत जागा नाही म्हणून. आत जागा आहे. घरी पोचल्यावर रमा आल्याचा रस करायला उठली आणि तो तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात गेला. फडताळाच्या खालच्या कप्प्यात जाड पांढरे कप पालथे घातले होते.

"हे इथे का?"

"ते रविवारचे," रमा म्हणाली. "जास्तीचे आहेत म्हणून खाली ठेवले. का हो?"

"वेगळे ठेवलेस?"

रमा आलं किसता किसता थांबली. "तुम्हीच आणलेत ना ते? मुलं येतात, आणखी कप लागतील म्हणून?" तिच्या डोळ्यांत खोटं काही दिसेना. पण खोटं कसं दिसतं हे तरी आता त्याला कुठं कळत होतं? तिनं रसाची वाटी पुढं केली. तिच्या नखाला आल्याचा चोथा चिकटला होता. तो चोथा पाहून त्याला ढवळून आलं, आणि निदान बायकोचीही किळस येते, फक्त धर्मपालचीच नाही, या विचारानं क्षणभर बरं वाटलं. मग त्या बऱ्या वाटण्याची किळस आली.

दुसऱ्या दिवशी धर्मपाल आला नाही. नंतरही नाही. प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आलेली, त्याचे प्रयोग राहिलेले. ते पुरे झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही आणि वर्ष गेलं तर त्याची शिष्यवृत्तीही जाते. होस्टेलात विचारलं तर सोबतचा मुलगा म्हणाला, "गावी गेला जी. अकोल्याले. वळकटी घेऊन गेला." परत येणार का? पोरानं खांदे उडवले. वळकटी घेऊन गेला हे शब्द रविकांतच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिले. त्यातच खुशालराव पाटलांचा मुलगा टेबलाजवळ आला. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आजूबाजूला पाहून त्यानं ते हळूच पुढं सरकवलं. आत रबराची नवी कोरी नळी होती, पावडर लावलेली, नव्या रबराचा उग्र वास येणारी.

"सर, तुमच्यासाठी येगळी आणली," तो म्हणाला. "तुमाले त्रास नको. या पोरायले काई सुमार नसते. बाबा मने, मास्तराले देऊन दे."

घरी सांगितलं होतं तर. पाटलांच्या ओट्यावर, जेवणं झाल्यावर, ही गोष्ट सांगितली गेली होती आणि सगळ्यांना ती समजली होती. कुणाला पित्त आठवलंसुद्धा नसणार. खुशालराव माजघराकडे वळून म्हणाले असतील, मास्तर आपला माणूस आहे. रविकांतला वाटलं, या पोराच्या थोबाडीत मारावी. हात उठला नाही. तो म्हणाला, "ठेव तिकडे." एवढंच म्हणाला. पोरगं समाधानानं गेलं. नळी दिवसभर टेबलावर पडून राहिली, एखाद्या सोललेल्या आतड्यासारखी, आणि सुटीच्या वेळी शालिकरामनं ती खणात ठेवून दिली. कॉलेजची वस्तू म्हणून.

रविवारी पहाटेच त्यानं बडनेरा गाठलं आणि अकोल्याची पॅसेंजर धरली. अकोल्यातच त्याचे वडील, नाना, राहत; रमाला सांगितलं, त्यांना पाहून येतो, पोरं आली तर परत पाठव. डब्यात सरकीच्या पेंडीचा आणि घामाचा वास होता. समोरच्या बाकावरची बाई मुलाला केळं चावून भरवत होती, आपल्या तोंडातला लगदा बोटानं काढून त्याच्या तोंडात, आणि मूल मटामटा खात होतं. रविकांत खिडकीबाहेर पाहू लागला. काळ्या रानात वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, त्यांच्या फांद्यांना कवडीकवडीचा कापूस लोंबत होता, मळका, कुणाच्याही कामाचा नसलेला. मूर्तिजापूरला गाडी फार वेळ थांबली. आपण नक्की कुणाकडे चाललो आहोत? नानांकडे की धर्मपालकडे? आधी नानांकडे जायचं ठरलं होतं ते भीतीपोटी, हे त्याला कळत होतं. पण आणखीही काही होतं. ओकताना, अगदी त्या पहिल्या कळीबरोबर, त्याला परसातली तुळस दिसली होती. तुळस का? गाडी सुटली आणि हळूहळू, गढूळ पाण्यातून तळाचा दगड दिसू लागावा तशी, ती सबंध दुपार वर आली. तो लहान होता. नाना, म्हणजे मोरोपंत असनारे वकील, कडक इस्त्रीचा कोट घालून सहभोजनाला गेले होते. गावच्या चौकात, सगळ्यांच्या देखत, महारांच्या मांडीला मांडी लावून. घरी आई रुसून निजली होती. नाना परतले, कोट खुंटीला लावला, परसात गेले आणि तुळशीच्या मागे, भिंतीशी वाकून, त्यांनी दोन बोटं घशात घातली. त्यांचा पाठमोरा सदरा ताणला गेलेला त्याला दिसत होता. आपोआप आलं नव्हतं ते. बोटं घातली होती. की घातली नव्हती? तो सदरा नक्की होता, तुळस नक्की होती. बोटं त्यानं आता, या गाडीत बसून, घातली का?

जठारपेठेत मोरोपंत कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. वकिली सुटून वर्षं झाली होती. विमल, रविकांतची बहीण, विधवा होऊन माहेरी आलेली, त्यांचं सगळं करायची. तो पोचला तेव्हा ती नानांना दूधभात भरवत होती. नाना खुर्चीत बसले होते, गळ्याशी पंचा बांधला होता, हनुवटीवरून दुधाचा ओघळ पंचाच्या काठापर्यंत गेला होता. वकिलीत ज्या आवाजानं न्यायाधीश सावरून बसत तो आवाज आता घोगरा झाला होता, पण सगळा गेला नव्हता.

"कॉलेजला सुटी आहे का रे?"

"रविवार आहे, नाना." मग तो त्या ओघळाकडे पाहत राहिला. विचारायचं तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही. "नाना, तुम्ही सहभोजनाला गेला होता ना? मी लहान असताना."

"गेलो होतो म्हणजे? अकोल्यातून जाणारा पहिला वकील मी. वर्तमानपत्रात नाव आलं होतं." म्हाताऱ्याचे डोळे एकदम उजळले. "तुझ्या आजोबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी हटलो नाही."

"घरी आल्यावर तुम्ही ओकला होता."

विमलचा हात घासासकट अधांतरी थांबला. खालच्या दुकानात कुणीतरी कापड टराटरा फाडलं. नानांनी तोंडातला घास गिळला, सावकाश, आणि म्हणाले, "तेल खराब होतं. जवसाचं."

"सगळ्यांनीच तेच खाल्लं ना? बाकीचे ओकले?"

"बाकीच्यांचं पाहायला मी गेलो होतो का?"

"नाना, तुम्ही बोटं घातली होती का घशात?"

"रवी," विमल म्हणाली.

म्हातारा चिडला नाही. साक्षीदाराकडे पाहावं तसं त्यानं मुलाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी जेवलो होतो की नाही? हजार माणसांनी पाहिलं. ते झालं ना? पुढं माणूस आपल्या परसात काय करतो त्याचं कुणाला काय?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पोटाला मत नसतं. त्याला विचारून कुणी सुधारणा करत नाही." रविकांतनं प्रयोगशाळेतलं सगळं सांगितलं. सांगताना वाटलं, आता हे काहीतरी बोलतील आणि गाठ सुटेल. नानांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "लोकांदेखत ओकलास?"

"हो."

"तिथंच चुकलं तुझं. पित्त म्हणून सांग. त्यालाही सोपं, तुलाही सोपं." आणि त्यांनी विमलकडे पाहून तोंड उघडलं, घास हवा होता. तोंडात एकही दात नव्हता, जिभेवर भाताची पांढरी साय पसरली होती. हे तोंड आपलं आहे, असं रविकांतला वाटलं. आणखी काही वर्षांनी हेच, असंच उघडं.

जिन्यापर्यंत पोचवायला विमल आली. "परसात राख मी टाकली होती," ती हळू म्हणाली. "आईनं मला शपथ घातली होती. तेव्हापासून कुणी मोठं काही बोलायला लागलं ना रवी, की मला राखेचा वास येतो." ती हसली. "पण म्हणून त्यांना भात भरवायचं थोडंच थांबतं? तू जेवून जा."

"नको," तो म्हणाला, आणि खाली उतरला.

मोर्णेच्या पलीकडे, जिनिंग फॅक्टरीच्या मागे धर्मपालची वस्ती होती. नदीच्या पात्रात पाण्याचं एक हिरवं डबकं उरलं होतं, त्यात डुकरं लोळत होती. ऊन टाळूवर आलं होतं. रविकांतनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, पाणीही प्यायला नव्हता. नानांकडे विमलनं तांब्या पुढं केला तेव्हा मुद्दामच नको म्हणाला होता, आणि का म्हणाला होता हे त्यानं स्वतःला धड सांगितलं नव्हतं. आता, पावलांखाली माती तापत असताना, ते स्पष्ट झालं. त्याला तहानलेलं पोचायचं होतं. धर्मपालच्या घरचं पाणी त्याला खऱ्याखुऱ्या तहानेनं, घटाघटा, सगळ्यांसमोर प्यायचं होतं. पाणी पोटात राहिलं की संपलं. मग धर्मपालला सोबत घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. त्याच्या मनात ते सगळं चित्र तयार होतं. तांब्या, वर केलेली मान, हनुवटीवरून ओघळणारं पाणीसुद्धा.

घर सारवलेलं, दार उघडं, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. अंगणात कडुनिंबाच्या सावलीत बाजेवर धर्मपाल पुस्तक घेऊन बसला होता, ओठ हलवत. सरांना पाहून उठला. त्याची आई पंचफुला दाराच्या चौकटीशी तांदूळ निवडत होती, उंच, वाळलेली. जिनिंगमध्ये कामाला जायची, रविवारीही केसांत सरकीचे तंतू अडकलेले होते. "माय व, हे आमचे सर," धर्मपाल म्हणाला. तिनं नुसतं पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. धर्मपालनं बाज झटकली. "बसा जी."

रविकांत बसला. घाम पुसला. मग म्हणाला, "धर्मपाल, पाणी दे रे प्यायला."

धर्मपाल हलला नाही. "पानी स्टेशनवर भेटते, सर."

"मला इथलं हवं आहे."

"थे मले समजलं," धर्मपाल म्हणाला. "म्हनूनच नाई देत." तो नेहमीसारखाच बोलत होता, आकडा वाचताना बोलतो तसा, थांबत, प्रत्येक शब्द पुन्हा तपासत. "तुमी इतक्या दुरून कावून आले? माया घरचं पानी पेवाले. पानी पेलं का तुमचं पोट साफ. मंग तुमी अमरावतीले जाऊन सांगसान, मी त्याच्या घरी जाऊन पानी पेलो. सांगसान ना?"

रविकांतनं मान खाली घातली.

"मंग तुमी चांगले होऊन जाता. अन् मी तिथंच. मी कावून तुमचं औषध होऊ जी?"

निंबावर कावळा ओरडत होता. पंचफुलाच्या सुपातले तांदूळ खळकन् पुढं आले, खळकन् मागे गेले. रविकांत म्हणाला, "मला माफ कर. मी मुद्दाम नाही केलं ते. माझं मलाही कळलं नाही. मला माझीच किळस आली आहे, धर्मपाल. तेव्हापासून अन्न जात नाही."

"मले तं पैल्या वर्षापासून येते तुमची किळस," धर्मपाल म्हणाला.

रविकांतनं मान वर केली.

"तुमी तपकीर वढता. थोच रुमाल, थेच बोटं. नाकाचं पानी मिशीवर येते तुमच्या. त्याच बोटानं तुमी नळी पुसता, तोंडात घेता अन् मले देता, 'हं, आता तू वढ.' मी डोये मिटतो, श्वास दाबून धरतो अन् वढतो. सगयेच पोट्टे तसं करतात. तुमाले कोनी सांगतलं नाई. उलटी मले बी येते सर. मी गिळून घेतो. मले पास व्हाचं असते." त्यानं हातातलं पुस्तक मिटलं. "तुमाले कधी गिळाचं कामच नाई पडलं."

यात राग असता तर रविकांतला बरं वाटलं असतं. पोरगं फक्त व्हर्नियरवरचं वाचन सांगत होतं. रविकांतचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मिशीवर काही आहे का? पुसावं का? इतक्या वर्षांत हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. किळस येते ती आपल्याला, ती इतरांची. आपण कुणाच्या घशात अडकत असू, आपला वास कुणी श्वास कोंडून टाळत असेल, रविवारी ओसरीवर पोरं जरा अंतर ठेवून बसत ती आदरानं नसतील, हे त्याच्या हिशेबात कुठंच नव्हतं. तो बाजेच्या काठावर बसून राहिला, हात मांडीवर, बोटं एकमेकांपासून वेगळी, जणू ती कुणा दुसऱ्याची होती आणि त्यानं ती सांभाळायला घेतली होती. आता काय म्हणायचं? म्हणण्यासारखं सगळं तो ओकारीसकट घेऊन आला होता आणि त्यातलं काहीच इथं कुणाला नको होतं.

पंचफुलानं सूप खाली ठेवलं. "मास्तर," ती पहिल्यांदाच बोलली. "तुमचं काय थे तुमी पाहा. पोरगं पास होईन का नाई, थेवढं सांगा मले."

"होईल," तो म्हणाला. घसा इतका कोरडा होता की शब्द खरडल्यासारखा निघाला. "पण प्रयोग पुरे करायला हवेत. उद्या येऊन लागला तर होतील."

"मी येऊनच राहिलो होतो," धर्मपाल म्हणाला. "मायचं आंग दुखत होतं म्हनून थांबलो. वळकटी धुवाले आनली होती." त्यानं पुस्तक उघडलं. "प्रिझमचं पुन्ना सांगा. मले थे एक समजत नाई, किरन मागे कावून फिरते."

हीच ती शंका. वर्षभर तो हीच विचारत आला होता. रविकांतला सवयीनं कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्यात त्यानं बोलायला सुरुवात केली. प्रिझम हळूहळू फिरवत नेला की किरणाची रेघ एका बाजूला सरकत जाते, एका जागी थबकते आणि प्रिझम त्याच बाजूला फिरत असला तरी रेघ उलटी मागे वळते. ती थबकते तिथंच वाचन घ्यायचं. तू दुर्बीण घाईनं फिरवतोस, थबकलेली जागा हुकते. अंगठा काचेला लावू नकोस. त्यानं वाळलेली काडी घेऊन अंगणातल्या मातीत त्रिकोण काढला, किरण काढला. जीभ टाळूला चिकटत होती, मधूनमधून आवाज फाटत होता. कुणी पाणी दिलं नाही. त्यानं मागितलंही नाही. धर्मपाल दोन हात लांब उकिडवा बसून ऐकत होता, ओठ हलवत होता, मध्येच म्हणाला, "पुन्ना सांगा," आणि रविकांतनं पुन्हा सांगितलं. वास त्याला अजून येत होता. तो तपकिरीचा होता, त्याच्याच बोटांचा, आणि तो घेऊनच त्याला सांगायचं होतं. मातीतल्या त्रिकोणावर कोन वाढत गेले, किरण थबकला, मागे वळला.

"झालं का सांगून?" पंचफुलानं विचारलं.

"झालं," रविकांत म्हणाला, आणि उठला.

"मंग निघा आता. ऊन वाढून राहिलं." तिनं बाज उचलली, एका हातानं, आणि भिंतीला उभी लावून ठेवली.